शुल्क नव्हे, विद्यावेतन : जैवसंख्याशास्त्रातील डॉक्टरेटचा जमाखर्च

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. फेब्रुवारीअखेरची संध्याकाळ आहे. सौदे आटोपून वडील घरी आले आहेत, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या अखेरच्या वर्षाला असलेली मुलगी एक छापील पत्र वडिलांच्या हाती देते. पत्र अमेरिकेतील एका विद्यापीठाचे आहे. वडिलांची नजर सवयीने आधी आकड्यावर जाते. अडतीस हजार डॉलर, दरवर्षी, पाच वर्षे. ते मनातल्या मनात गुणाकार करतात आणि चष्मा काढून ठेवतात.

"बाळ, एवढं आपल्याला झेपायचं नाही. घर गहाण टाकलं तरी नाही."

"बाबा, हे आपण द्यायचे नाहीत. ते मला देणार आहेत."

झोपाळ्यावर बसलेले आजोबा, ज्यांना सारे घर आप्पा म्हणते, इतका वेळ गप्प असतात. ते विचारतात, "आणि व्याज?"

"व्याज नाही, आप्पा. परतही करायचे नाहीत."

"मग त्यांचा फायदा काय?"

असा प्रसंग आपल्या समाजातील कोणत्याही घरात घडू शकेल. आप्पांचा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि अगदी रास्त आहे. समोरचा का देतो आहे, हे कळल्याखेरीज घेऊ नये, ही शिकवण पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला लहानपणीच मिळालेली असते. त्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून न घेतल्यामुळे दोन प्रकारच्या चुका होतात. काही कुटुंबे 'परदेशी शिक्षण म्हणजे कर्ज' असे गृहीत धरून चांगली संधी नाकारतात. काही कुटुंबे, जेथे पैसे मिळू शकले असते त्या वाटेची चौकशीही न करता, जेथे पैसे भरावे लागतात त्या अभ्यासक्रमासाठी मोठे कर्ज काढतात. दोन्ही चुका टाळण्यासारख्या आहेत.

हा विषय आहे तरी काय?

जैवसंख्याशास्त्र, म्हणजेच बायोस्टॅटिस्टिक्स, हे आरोग्य, औषधे व आहार यांविषयीचे प्रश्न आकडेमोडीच्या काटेकोर पद्धतीने सोडविणारे शास्त्र होय. अडत्या शंभर पोत्यांचा भाव ठरविताना सगळी पोती रिकामी करीत नाही. निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ माल काढून तो अंदाज बांधतो. वरच्याच थरातील माल पाहिला किंवा माल आणणाऱ्याने पुढे केलेलीच पोती तपासली, तर अंदाज फसतो, हेही तो जाणतो. नमुना कोठून घ्यावा, किती घ्यावा आणि त्यावरून कितपत खात्रीने बोलावे, हाच या शास्त्राचा गाभा आहे. फरक इतकाच, की येथे पोत्यांच्या जागी माणसे असतात आणि भावाच्या जागी त्यांचे आयुष्य असते.

या शास्त्राने काय साधले, याचे एक उदाहरण जुन्या पिढीला सहज पटेल. क्षयरोग म्हणजे सॅनिटोरियम, असे समीकरण एके काळी होते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे सॅनिटोरियम सांगली परिसरात सर्वांना ठाऊक होते. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने एक तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या साध्या, दाटीवाटीच्या घरी ठेवून तीच औषधे देण्यात आली. कोणाला कोठे ठेवायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने, म्हणजे जणू चिठ्ठी टाकून ठरविण्यात आले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहणाऱ्यांची प्रकृती जवळजवळ तितकीच सुधारली होती आणि त्यांच्या घरच्या माणसांना संसर्गाचा धोका वाढला नव्हता. पुढे जगभर क्षयाचे उपचार घरी होऊ लागले. हा बदल ज्या औषधांनी घडविला, त्यांच्याइतकाच तो त्या मोजणीनेही घडविला.

दुसरे उदाहरण मुंबईचे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाच्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचपणी केली. या तपासणीमुळे त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. ही घट योगायोगाची नाही, हे ठामपणे सांगता आले ते आकड्यांच्या शिस्तीमुळे.

या क्षेत्रात मराठी माणसाचे नावही मोठे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालकपद भूषविले. भारतीयांच्या आहारात प्रथिनांची मोठी तूट आहे, असा समज जगभर रूढ असताना त्यांनी आकडेवारीच्या आधारे वेगळे मत मांडले. धान्य आणि डाळींचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज भागते. खरी उणीव पोटभर अन्नाची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शाकाहारी समाजाला हा निष्कर्ष विशेष जवळचा वाटेल.

आणखी एक धागा नोंदविण्याजोगा आहे. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली 'डायलेक्टिका' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात जैन दर्शनातील स्याद्वाद आणि आधुनिक संभाव्यतेचा विचार यांच्यातील जवळिकीची चर्चा केली. जे.बी.एस. हाल्डेन या विख्यात जीवशास्त्रज्ञानेही १९५७ साली स्याद्वादावर स्वतंत्र लेख लिहिला. 'आहेच' असे न म्हणता 'अमुक दृष्टीने, अमुक मर्यादेत आहे' असे म्हणण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. संख्याशास्त्रज्ञालाही रोज तसेच बोलावे लागते.

ते पैसे का देतात?

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील विद्यापीठात पीएच.डी.चा विद्यार्थी हा केवळ विद्यार्थी नसतो, तो विद्यापीठाचे काम करणारा सहायकही असतो. पदवीच्या वर्गांना शिकविणे, उत्तरपत्रिका तपासणे, शंका सोडविणे या कामासाठी त्याला अध्यापन सहायक म्हणून नेमतात. प्राध्यापकाला एखाद्या रोगाच्या संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळालेले असेल, तर त्यातील आकडेमोडीचे काम करण्यासाठी संशोधन सहायक म्हणून नेमतात. जैवसंख्याशास्त्राच्या विभागाला ही दुसरी वाट विशेष खुली असते. कर्करोग, हृदयविकार, मधुमेह यांचा कोणताही मोठा अभ्यास संख्याशास्त्रज्ञाविना पुरा होत नाही. अनुदानाच्या अंदाजपत्रकातच त्याच्या वेतनाची तरतूद केलेली असते.

म्हणजे हे दान नव्हे. हा श्रमाचा मोबदला आहे आणि शिक्षण त्यासोबत मिळते. या मोबदल्यात साधारणपणे तीन गोष्टी येतात : शिक्षण शुल्काची माफी, आरोग्य विमा आणि मासिक विद्यावेतन. विद्यावेतनाची रक्कम विद्यापीठ व शहर यांनुसार बदलते. वर्षाला सुमारे तीस हजारांपासून पन्नास हजार डॉलरपर्यंत ती असू शकते. तिच्यात एकट्या विद्यार्थ्याचा काटकसरीचा संसार चालतो. घरी मोठी रक्कम पाठविता येईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

एम.एस. आणि पीएच.डी. : बँकेच्या चष्म्यातून

सर्वसाधारण समज असा, की लहान पदवी स्वस्त आणि मोठी पदवी महाग. या क्षेत्रात हिशेब बहुधा उलटा असतो. अमेरिकेतील दोन वर्षांच्या एम.एस. अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याला सामान्यतः स्वतःचे शुल्क भरावे लागते. राहण्याजेवण्यासह हा खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो.

समजा, पन्नास लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के दराने काढले. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नाही, परंतु व्याज चालूच राहते. सरळ व्याजाने तीन वर्षांत पंधरा लाख होतात. पासष्ट लाखांची ही रक्कम दहा वर्षांत फेडायची, तर महिन्याचा हप्ता सुमारे शहाऐंशी हजार रुपये बसतो. एवढ्या कर्जाला बँक बहुधा तारणही मागते. म्हणजे दुकान किंवा घर यांचे कागद बँकेत जातात. मुलाला नोकरी मिळण्यास सहा महिने उशीर झाला, तरी त्याची झळ पेढीच्या खेळत्या भांडवलाला लागते.

याउलट विद्यावेतनासह पीएच.डी. मिळाली, तर घरातून जाणारी रक्कम मर्यादित असते. आठेक ठिकाणी अर्ज करण्याचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा व त्यासंबंधीची शुल्के, विमानाचे तिकीट, घराची अनामत आणि पहिले विद्यावेतन हाती येईपर्यंतचा महिना-दीड महिन्याचा खर्च, असे सारे मिळून चार-पाच लाख रुपये होतात. यासाठी तारण ठेवण्याची गरज बहुतेक व्यापारी कुटुंबांना पडू नये.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे बी.एस्सी. किंवा बी.स्टॅट. झालेल्या विद्यार्थ्यालाही थेट पीएच.डी.साठी घेतात, हेही लक्षात ठेवावे. भारतात अल्प खर्चात एम.एस्सी. करून मग अर्ज करणे हा त्याहून भक्कम मार्ग होय. मिशिगन विद्यापीठाच्या जैवसंख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषविलेल्या आणि कोविडच्या साथीत भारतातील प्रसाराच्या अंदाजांसाठी ओळखल्या गेलेल्या प्रा. भ्रमर मुखर्जी यांची वाट हीच होती : कोलकात्याचे प्रेसिडेन्सी महाविद्यालय, मग भारतीय संख्याशास्त्र संस्थेतील एम.स्टॅट., मग अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची पीएच.डी.

कोठे काय मिळते?

अमेरिका. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जैवसंख्याशास्त्र विभाग १९१८ सालचा, या विषयातील सर्वांत जुना विभाग मानला जातो. हार्वर्ड, सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ, मिशिगन आणि चॅपेल हिलचे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ येथील विभागही नावाजलेले आहेत. अभ्यासक्रमाला साधारण पाच वर्षे लागतात. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. तेथील सरकारी प्रशिक्षण अनुदाने फक्त अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळतात. भारतीय विद्यार्थ्याला अध्यापन व संशोधन सहायकाच्या जागांवर भिस्त ठेवावी लागते. २०२५ च्या आरंभी संशोधन अनुदानांतील कपातीमुळे अनेक अमेरिकी विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले. म्हणून एकाच देशावर सारा डाव लावू नये.

ब्रिटन. येथे पीएच.डी. तीन ते चार वर्षांत पूर्ण होते. केंब्रिजचे एम.आर.सी. बायोस्टॅटिस्टिक्स युनिट हे या विषयाचे प्रमुख केंद्र आहे. सरकारी संशोधन मंडळांच्या विद्यावेतनाचा किमान दर २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होता. या जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंत जागा परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात. एक सावधगिरी मात्र येथे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये प्रवेशाचे पत्र आणि पैशांचे पत्र ही दोन निराळी पत्रे असतात. प्रवेश मिळाला पण अनुदान मिळाले नाही, असे पुष्कळदा घडते आणि परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क भारी असते. दुसरे पत्र हाती आल्याखेरीज पेढे वाटू नयेत.

युरोप. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत पीएच.डी. ही बहुतांशी रीतसर नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, वेतन व रजा मिळते आणि शुल्क नसते. बहुतेक ठिकाणी आधी पदव्युत्तर पदवी लागते. भारतातील एम.एस्सी. येथे उपयोगी पडते.

भारत. घराजवळ राहून हे शिक्षण घेण्याची सोय कमी प्रतीची आहे, असे मुळीच नाही. कोलकात्याची भारतीय संख्याशास्त्र संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळुरूची निम्हान्स, नवी दिल्लीची एम्स आणि मुंबईत देवनार येथे १९५६ पासून कार्यरत असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था येथे या विषयात किंवा त्याला लागून असलेल्या विषयांत डॉक्टरेट करता येते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जे.आर.एफ. मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. यासाठी वयाची मर्यादा ३० वर्षे असून महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. भारतात पीएच.डी. करीत असतानाच फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपद्वारे सहा ते नऊ महिने अमेरिकेत संशोधन करता येते.

आपल्या समाजात अजूनही फिरणारी एक जुनी माहिती दुरुस्त करणे आवश्यक आहे. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज सवलतीची 'पढो परदेश' योजना या दोन्हींचा लाभ खुला झाला होता. या दोन्ही योजना २०२२-२३ पासून बंद करण्यात आल्या आहेत. त्यांच्या भरवशावर आर्थिक नियोजन करू नये.

पत्र कसे वाचावे?

व्यापारी करारनामा वाचतो तसेच हे पत्र ओळ न ओळ वाचावे. पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, शुल्क पूर्ण माफ आहे की अंशतः. आणि शुल्काखेरीज आणखी काही फी भरावी लागते काय. दुसरी, विद्यावेतन बारा महिन्यांचे आहे की नऊ. नऊ असल्यास उन्हाळ्याच्या तीन महिन्यांची सोय काय, हे विभागाला लेखी विचारावे. तिसरी, हमी किती वर्षांची आहे. 'समाधानकारक प्रगती झाल्यास' ही अट जवळजवळ प्रत्येक पत्रात असते. तिचा अर्थ, पहिल्या-दुसऱ्या वर्षातील पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे. चौथी, काम आठवड्याला किती तासांचे आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते. पाचवी, कर. अमेरिकेत विद्यावेतनावर कर लागतो. मात्र भारत-अमेरिका करारातील २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तेथील प्रमाणित वजावट घेता येते. ही सवलत अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसल्याने सुटून जाते.

अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या संकेतानुसार विद्यावेतनासह आलेल्या पत्राला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुदत असते. त्याआधी निर्णयाची घाई करण्याचे कारण नाही. पीएच.डी.च्या प्रवेशाला कोणाही मध्यस्थाची आवश्यकता नसते, हेही ध्यानात ठेवावे. 'हमखास जागा मिळवून देतो' असे सांगून रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

तयारी अकरावीपासून

आपल्या घरांतील बहुसंख्य मुले वाणिज्य शाखेकडे जातात आणि अकरावीतच गणित सोडतात. या एका निर्णयाने पुढची ही सारी दारे बंद होतात. वाणिज्य शाखा घेतली तरी गणित ठेवावे. भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या बी.स्टॅट. अभ्यासक्रमासाठी बारावीला गणित व इंग्रजी हे विषय असणे पुरेसे आहे. विज्ञान शाखेची सक्ती नाही. प्रवेश परीक्षा कठीण असते, परंतु प्रवेश मिळालेल्यांना तेथे मासिक विद्यावेतन मिळते. बी.कॉम.नंतर थेट या वाटेने जाणे मात्र जवळजवळ अशक्य आहे. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांचा पाया त्या अभ्यासक्रमात घातला जात नाही. हे आधीच स्पष्टपणे सांगितलेले बरे.

पदवी आणि एम.एस्सी.च्या काळात गुणांबरोबर आणखी तीन गोष्टी कमवाव्या लागतात : संगणकावर आर किंवा पायथनमध्ये आकडेमोड करण्याचा सराव, एखाद्या खऱ्या अभ्यासातील कामाचा अनुभव आणि विद्यार्थ्याला जवळून ओळखणारे तीन प्राध्यापक. शिफारसपत्रांना तेथे फार मोल असते. गोड शब्दांचे ठरावीक पत्र उपयोगी पडत नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न कसा सोडविला, हे लिहू शकेल असाच शिक्षक हवा. तो अनुभव एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनआरोग्य विभागात सुट्टीच्या काळात काम करूनही मिळू शकतो.

घरचे प्रश्न

पैशांचा प्रश्न सुटला, की घरातील खरे प्रश्न पुढे येतात. ते टाळून चालत नाही.

'प्राण्यांवर प्रयोग करावे लागतील काय?' जैवसंख्याशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत काम करीत नाही, त्याचे काम आकड्यांवर चालते. ते आकडे प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेले असू शकतात, हे मात्र खरे. ज्याला ते नको असेल, त्याने माणसांच्या आरोग्य सर्वेक्षणांचा किंवा रुग्णालयीन नोंदींचा विषय निवडावा. तशी निवड करता येते. प्रयोगातील प्राण्यांची संख्या कमीत कमी कशी ठेवावी, हा विचार १९५९ पासून विज्ञानात रुजला आहे आणि ती संख्या कमी करण्याचे साधन संख्याशास्त्रच पुरविते.

'पाच वर्षे म्हणजे वय किती होईल?' हा प्रश्न आई विचारते आणि मुलीच्या बाबतीत तो अधिक मोठ्याने विचारला जातो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी गेलेली मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी डॉक्टरेट होईल. या काळात विवाह होऊ शकतो, अनेकींचा होतोही. परंतु विद्यार्थ्याचा जोडीदार म्हणून अमेरिकेत गेलेल्याला तेथे नोकरी करता येत नाही, ही गोष्ट स्थळ पाहतानाच दोन्ही घरांनी समजून घ्यावी. मुलाला हा प्रश्न विचारला जात नसेल, तर मुलीला तरी तो निर्णायक म्हणून का विचारावा, याचाही विचार व्हावा.

'नापास झाली तर?' पात्रता परीक्षेत अपयश आल्यास अनेक विद्यापीठे एम.एस.ची पदवी देऊन विद्यार्थ्याला मोकळे करतात. तेव्हा कर्ज डोक्यावर नसते, हा मोठाच आधार होय. काहीजण मधूनच सोडतात. एकटेपणा, थंडी, मार्गदर्शकाशी न जुळणे ही कारणे अभ्यासाच्या कारणांइतकीच वजनदार असतात. म्हणून घरच्यांनी दर आठवड्याच्या फोनवर 'कधी संपणार?' एवढेच विचारू नये.

'पुढे काय?' औषध कंपन्यांना नव्या औषधाच्या प्रत्येक चाचणीसाठी या शास्त्राचे जाणकार लागतात. मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथे असे काम चालते. रुग्णालये, आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्था आणि विद्यापीठे ही आणखी क्षेत्रे. परत येऊ इच्छिणाऱ्याला येथे काम आहे.

'आणि पेढी?' हा प्रश्न बहुधा कोणी उघडपणे विचारत नाही. ज्या घरात एकच मुलगा किंवा एकच मुलगी आहे, त्या घराची पाच वर्षांची गुंतवणूक पैशांची नसते. खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या माणसाची ती असते. या व्यवहाराची खरी किंमत ती आहे आणि ती कोणत्याही पत्रात छापलेली नसते. ती किंमत मोजायची की नाही, हे प्रत्येक घराने आपले ठरवावे. पण 'परवडत नाही' या सबबीआड ते लपवू नये.

समाजाने काय करावे?

आपल्या संस्था दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार मनापासून करतात. त्यातील काही निधी एका निराळ्या टप्प्यासाठी राखून ठेवता येईल. वर पाहिले त्याप्रमाणे, विद्यावेतनासह पीएच.डी.साठी जाणाऱ्याला मोठ्या रकमेची गरज नसते. त्याला गरज असते ती डिसेंबरमध्ये अर्जांच्या शुल्काची आणि ऑगस्टमध्ये तिकीट व अनामतीची. अर्जाचे शुल्क साधारण शंभर डॉलरच्या आसपास असल्याने, सामान्य परिस्थितीतील विद्यार्थी आठऐवजी दोनच ठिकाणी अर्ज करतो आणि संधी हुकते. अशा विद्यार्थ्याला एक लाखाची बिनव्याजी उसनवारी, विद्यावेतन सुरू झाल्यावर दोन वर्षांत परत करण्याच्या अटीवर, कोणत्याही तालुक्याच्या जैन ट्रस्टला देता येईल. १८९२ साली स्थापन झालेली जमशेटजी टाटांची शिष्यवृत्ती कर्जाऊ स्वरूपाचीच आहे. परत आलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते. असा फिरता निधी एकदा उभा राहिला, की तो आटत नाही.

सांगलीच्या त्या घरात एव्हाना रात्र झालेली असेल. वडिलांनी पत्र उलटे करून त्याच्या पाठीवर दोन रकाने आखले असतील. एकीकडे तिकीट, अनामत, व्हिसा. दुसरीकडे शुल्क माफ, विमा, विद्यावेतन. बेरीज सोपी आहे. आप्पांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे : समोरचा काम घेणार आहे, म्हणून देतो आहे. तेवढे कळले, की त्यांना शंका उरत नाही. वडील मात्र खर्चाच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहितात, 'वर्षे पाच', आणि तिच्यापुढे कोणताही आकडा न घालता पेन्सिल मुलीच्या हाती देतात. १५ एप्रिलला अजून सहा आठवडे आहेत.